स्लो मोशनसाठी कॅमेरा कोणता घ्यावा? रात्रीची कबड्डी, चिखलनांगरणी आणि थोडा समुद्र

खाडीकाठी

मंडळी नमस्कार. मालवणच्या बाजूला राहतो. लग्नं, मुंजी, जत्रा असं शूटिंग करतो. गेल्या वर्षापासून खेळाची कामं यायला लागलीत आणि तिथे सगळ्यांची मागणी एकच: "स्लो मोशन टाका हां दादा." पोरांना रील हवं असतं, मंडळांना पुढच्या वर्षीच्या जाहिरातीसाठी हवं असतं.

काम तीन तऱ्हेचं. सगळ्यात जास्त रात्रीची कबड्डी, उघड्यावर, मातीच्या मैदानात. दुसरं तारकर्ली-देवबागला पाण्यावरचं: जेटस्की, बंपर राइड, कधीमधी कोणी सर्फबोर्ड घेऊन येतो. तिसरं वर्षातून दोन-तीनदाच, पण माझ्या जिवाचं. भर पावसातली चिखलनांगरणी, म्हणजे चिखलातली बैलजोड्यांची शर्यत. त्यासाठी रत्नागिरीकडे मामाच्या गावी जातो.

हातातला कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमच्या (चित्रांच्या) वर जात नाही. बजेट ताणून ताणून ८५ हजार, त्यातच लेन्स. १००० फ्रेमवाला काही मिळतो का ते बघतोय.

आणि एक दुखणं. मार्चमध्ये मित्राचा कॅमेरा आणून अंतिम सामना १२० फ्रेमवर काढला. घरी येऊन संथ करून बघतो तर अख्खं मैदान धडधडतंय. उजेड, अंधार, उजेड, अंधार. कार्यकर्ते म्हणाले, "कबड्डी डिस्कोत खेळवलंस काय रे?" पैसे अर्धेच दिले. कॅमेऱ्यात दोष होता की माझ्यात?

चाकरमानी

पहिला प्रतिसाद माझा! दोष नेहमी माणसात असतो. (हलके घ्या.)

१००० फ्रेमचं वेड मलाही होतं. कॅसिओने २००८ साली एक्स-एफ१ नावाचा कॅमेरा काढला होता, १२०० फ्रेमवाला. मुंबईतल्या एका दोस्ताकडून तो मागून मे महिन्यात गावी आणला आणि चुलतभावाला विहिरीत उडी मारायला लावली. पाणी उडालं ते काकवीच्या धारेसारखं, बघतच राहावं असं. पण १२०० फ्रेमला चित्राचा आकार किती, तर ३३६ बाय ९६ पिक्सेल. टीव्हीवर लावलं तेव्हा भाऊ कुठला आणि कळशी कुठली यावरून घरात वाद झाला.

हाफशटर

चाकरमानींनी गंमतीत सांगितलं, पण मुद्दा तोच आहे.

खाडीकाठी, कॅमेऱ्याआधी हिशेब करा. रील २५ फ्रेमचं धरलं तर १०० वर काढलेलं चौपट संथ होतं, २०० वर काढलेलं आठपट, १००० वर काढलेलं चाळीसपट. पकड लागते ते दोन सेकंद घ्या. चौपटीने आठ सेकंद, आठपटीने सोळा. चाळीसपटीने ऐंशी! ऐंशी सेकंद एक माणूस मातीत पडतोय, हे त्याची बायकोसुद्धा शेवटपर्यंत बघणार नाही.

शिवाय १००० म्हणजे काय मिळतं तेही बघा. सोनीने २०१५ मध्ये आरएक्स१०० मार्क ४ मधून हा प्रकार खिशात आणला. त्यात १००० फ्रेमला सेन्सरवरची (उजेड टिपणाऱ्या चिपवरची) ११३६ बाय ३८४ एवढीच पट्टी वाचली जाते आणि ती फुगवून फुल एचडी करतात. तीही दोन सेकंदांपुरती. मग कॅमेरा ते साठवत बसतो, आणि इकडे पुढची चढाई होऊन जाते. २५० फ्रेमला मात्र १८२४ बाय १०२६ मिळतं, ते खरोखर देखणं असतं. त्यातल्या 'एंड ट्रिगर'च्या मी प्रेमात आहे. घटना घडून गेल्यावर बटण दाबायचं, कॅमेरा आधीचे दोन सेकंद हातात देतो. मासा उडी मारणार कधी याची वाट बघत बोट अवघडून घ्यायला नको.

आता उजेड. १००० फ्रेम काढायच्या तर शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड आत घेण्याचा वेळ, १/१००० सेकंदापेक्षा मंद ठेवताच येत नाही. नेहमीच्या १/५० च्या मानाने विसावा हिस्सा उजेड आत येणार. भर दुपारी तारकर्लीच्या वाळूत ते चालून जाईल. रात्री मैदानात काळं चित्र मिळेल, नाहीतर मुरमुऱ्यांसारखे दाणे.

धडधडीचं उत्तर मला माहीत आहे, पण ते नीट सांगणारा माणूस या संस्थळावर आहे. वायरमन, या की.

वायरमन

आलो. लांज्यात होतो, एका मंडपाचं काम चालू आहे.

खाडीकाठी, कॅमेरा ठणठणीत होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. प्रत्येक आवर्तनात दाब दोनदा शून्यावर येतो, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा मंद आणि तेज होतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. तुम्ही १२० फ्रेम काढल्यात, त्यामुळे दर फ्रेमला दिवा वेगळ्याच तब्येतीत सापडला. १२० आणि १०० मधला फरक २०, म्हणजे सेकंदाला २० वेळा उजेडाची लाट. ती तुम्ही पुन्हा ४.८ पट संथ केलीत. पडद्यावर सेकंदाला साधारण चार ठोके. तोच तुमचा डिस्को.

१२० आणि २४० हे ६० हर्ट्‌झवाल्यांचे आकडे, अमेरिकेकडचे. कॅमेऱ्याच्या मेनूत एनटीएससी (त्यांची पद्धत) काढून पाल (आपली ५० वाली पद्धत) करा, तिथे ५०, १००, २०० दिसू लागतील. गोप्रोसारख्या छोट्या ॲक्शन कॅमेऱ्यांत अँटी-फ्लिकर नावाखाली ५० हर्ट्‌झ निवडायचं. मोबाइलच्या स्लो मोशनला बहुतेक वेळा १२० आणि २४० हेच दोन पर्याय असतात, म्हणून रात्रीच्या खेळाला मोबाइल फसतो.

आता शटर. १०० फ्रेम आणि शटर १/१०० ठेवलंत तर दिव्याचा एक अख्खा चढउतार एका फ्रेममध्ये मावतो आणि लुकलुक जवळजवळ संपते. १/२०० ठेवलंत तर उजेडाचे आडवे पट्टे येऊ शकतात, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि वरची ओळ वाचताना दिवा जसा असतो तसा खालची वाचताना नसतो.

दिव्यांची गोष्ट वेगळीच. गावात खांबावर चढवलेल्या सगळ्यालाच 'हॅलोजन' म्हणतात. खऱ्या हॅलोजनची तार तापलेली राहते, त्यामुळे ती कमी लुकलुकते. मेटल हॅलाइड जुन्या चोकवर असेल तर चांगलीच लुकलुकते. एलईडीचं सगळं ड्रायव्हरवर, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटवर. चांगला ड्रायव्हर असेल तर काहीच जाणवत नाही, आणि ड्रायव्हरच नसलेला स्वस्त फ्लडलाइट असेल तर सगळ्यात वाईट. तपासायचं कसं? दिव्याखाली एक पांढरी काठी जोरात हलवा. धूसर पंखा दिसला तर दिवा चांगला. सुट्या सुट्या दहा काठ्या दिसल्या तर सावध.

मोठ्या मैदानावर तीन फेज येत असतील तर एकेका खांबावरचे दिवे तीन फेजमध्ये वाटून लावायला सांगा. एक फेज मंद असते तेव्हा दुसरी तेज असते, मैदानात उजेड सपाट पडतो. मोठी स्टेडियमं हेच करतात. पण हे काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या. ओल्या मातीत उभं राहून वायरीला हात लावू नका, कॅमेरे दुकानात पुष्कळ मिळतात.

खाडीकाठी

वायरमन, तुमचे पाय कुठे आहेत? चार महिने मी मित्राशी बोलत नव्हतो, त्याने मला खराब कॅमेरा दिला म्हणून. आज फोन करतो.

एक शंका. आमच्याकडे सामन्यात लाइट गेली की जनरेटर लावतात. तेव्हाही ५० च असते ना?

वायरमन

असायला हवी. चार पोलचा जनरेटर १५०० फेऱ्यांवर फिरला तर ५० हर्ट्‌झ. भार वाढला की फेऱ्या पडतात. समजा ४८ झाली, तर दिवा ९६ वेळा लुकलुकणार आणि तुमच्या १०० फ्रेमशी चारचा फरक पडणार. चौपट संथ केल्यावर चित्र सेकंदाला एकदा श्वास घेतल्यासारखं हलेल. शटर १/१०० असेल तर हा श्वास अगदी मंद असतो, बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. चहावाल्याची इलेक्ट्रिक शेगडी तेवढी त्या जनरेटरवर लावू देऊ नका.

गीअरवेडा

एवढं पुराण कशाला? जग कुठे चाललंय आणि लोक १०८०पी (फुल एचडी) वर बोलतायत. सरळ ४के १२० फ्रेमवाला घ्या. डीजेआय ॲक्शन ४, ॲक्शन ५ प्रो, गोप्रो १२, १३, सगळ्यांत आहे. गोप्रो १३ तर थोड्या सेकंदांसाठी ४०० फ्रेमसुद्धा देतो, ७२०पी मध्ये. बजेटात दोन कॅमेरे बसतील.

हाफशटर

समुद्रासाठी मान्य. रात्रीच्या कबड्डीसाठी अजिबात नाही. ॲक्शन कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा, लेन्स रुंद. मैदानाच्या कडेला लावला तर समोरचा कोपरारक्षक मुंगीएवढा दिसणार. मोठ्या सेन्सरवर ४के १२० हवं तर सोनी ए७एस ३, एफएक्स३०, फुजी एक्स-एच२एस अशी नावं आहेत. त्यांची नावं घ्यायलाही ८५ हजार पुरणार नाहीत.

आणि साठवण. सेकंदाला २०० मेगाबिटने काढलंत तर मिनिटाला दीड जीबी. पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा, म्हणजे ६० जीबी. दिवसाला आठ सामने असतात. खाडीकाठींचा लॅपटॉप किती जुना ते विचारत नाही, पण एच.२६५ च्या (जास्त दाबून साठवलेल्या) फाइली त्याच्या अंगावर येतील.

खाडीकाठी

२०१७ चा आहे. आत्ताच पंखा ऐकू येतोय.

गीअरवेडा

मग ५० वरच काढा आणि सॉफ्टवेअरमध्ये मधल्या फ्रेम बनवा. दाविंची रिझॉल्वच्या फुकट आवृत्तीत ऑप्टिकल फ्लो आहे, विकतच्या आवृत्तीत स्पीड वॉर्प. आता एआयचा जमाना आहे काका.

हाफशटर

सपाट समुद्रावर एकटी जेटस्की जातेय, तिथे चालतं. मीही करतो. पण सातजण एकावर पडलेत, सोळा हात, सोळा पाय आणि सगळ्यांच्या चड्ड्या एकाच रंगाच्या. सॉफ्टवेअर बिचारं गोंधळतं. एकाचा पंजा वितळून दुसऱ्याच्या गुडघ्यातून बाहेर येतो. एका रीलमध्ये तर चढाईपटूला तीन पाय झाले होते.

पंचकाका

तीन पायांवरून आठवलं, मी बोलू का? चिपळूणचा आहे. बरीच वर्षं पंचगिरी केली, आता गुडघे बोलतात म्हणून बंद. कॅमेऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण हा धागा मी तीनदा वाचला, कारण आमचा सगळ्यात जुना तंटा याच्यात आहे.

बोनस. समोर सहा किंवा जास्त खेळाडू असताना चढाईपटूचा पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला आणि त्या क्षणाला मागचा पाय हवेत असला, तर गुण. मागचा टेकलेला असेल तर नाही. हे सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात होतं. एका पायाकडे बघावं तर दुसरा सुटतो. आयुष्यात किती बोनस चुकीचे दिले असतील ते तो वरचाच जाणे. प्रो कबड्डीत रिव्ह्यू मागता येतो. आमच्या मैदानात रिव्ह्यू म्हणजे दोन्हीकडचे पाठीराखे आत घुसणे.

तर विचारायचं हे, की तुमच्या या संथ चित्रात तो मागचा पाय दिसेल काय?

चाकरमानी

काका, हा प्रश्न १८७८ सालचा आहे! घोडा धावताना त्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत असतात का, यावर अमेरिकेत चर्चा चालायची. लेलंड स्टॅनफर्ड नावाच्या धनिकाने मायब्रिज या छायाचित्रकाराला कामाला लावलं. त्याने धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले. निघालं काय, तर असतात हवेत. पण चित्रकार दाखवायचे तसे पुढेमागे फाकलेले असताना नाही, पोटाखाली गोळा केलेले असताना. घोड्याला बारा कॅमेरे मिळाले, आपल्या कबड्डीला निदान एक तरी मिळू दे.

हाफशटर

काका, फार चांगला प्रश्न विचारलात. याने कॅमेऱ्याची निवडच बदलते.

पाय सेकंदाला पाच मीटर वेगाने जातोय असं धरू. २५ फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेमच्या मध्ये तो २० सेंटिमीटर सरकतो. एवढ्यात पाय टेकून उचलूनही झाला. १०० फ्रेमला ५ सेंटिमीटर, २०० ला अडीच. म्हणजे १०० ला निकाल बहुतेक वेळा लागतो, २०० ला जवळजवळ नेहमी.

पण शटर विसरू नका. १/१०० ला एकेका फ्रेममध्ये पाय ५ सेंटिमीटर फराटा ओढतो. रीलसाठी तो फराटा छान, गती मऊ दिसते. पंचाला मात्र टाच धूसर दिसून उपयोग नाही, त्याला १/५०० तरी हवं. त्याला उजेड पाहिजे, आणि दिवे लुकलुकणारे असतील तर पट्टे पुन्हा हजर. रात्री सौंदर्य आणि न्याय एकाच सेटिंगमध्ये मिळत नाहीत. खाडीकाठींनी आधी पोटापाण्याचं बघावं, १/१००.

दुसरं म्हणजे जागा. बोनस रेषेच्या नेमक्या टोकाला, बाजूरेषेबाहेर, गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरा असेल तरच रेषा ओलांडली का ते खरं दिसतं. मंचावरून तिरकं काढलेलं चित्र साफ खोटं बोलतं, मग ते किती का फ्रेमचं असेना.

पंचकाका

नेमकं तिथेच आमची लाकडी खुर्ची असायची. चांगली जागा शोधलीत.

बांधावरून

इतका वेळ वाचत होते, आता चिखलाचं कोणीतरी बोला म्हणून मीच बोलते. संगमेश्वर तालुक्यात राहते. दर जुलैत गावठी आणि घाटी, दोन्ही गटांच्या जोड्यांचं चित्रण करते.

पहिलं सुरक्षेचं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभं राहू नका. जोडी उधळली तर वळत नाही, सरळ येते. मी एकदा ट्रायपॉड टाकून शेजारच्या वाफ्यात उडी मारलीय आणि ती उडी कोणीतरी मोबाइलवर काढलीय. १२० फ्रेमवर. अजून गावात फिरतेय.

बांधावर थोडं उंच, लांबून, टेलि (लांबचं जवळ आणणाऱ्या) लेन्सने काढा. दिवसाचा उजेड असतो, दिव्यांचा प्रश्न नाही, तेव्हा फ्रेम हव्या तितक्या वाढवा. ढग असले तरी दुपारी १/२०० ला अडचण येत नाही. आणि इथे 'फ्रेमच्या दुप्पट शटर' हा पुस्तकी नियम मी मोडते. १/२०० ला चिखलाचे शिंतोडे तपकिरी रेघा होतात. १/८०० ला एकेक थेंब वेगळा, आत पाण्याची चमक, आणि बैलाच्या खुराखालून उठणारा तो पूर्ण मुकुट. ज्याने एकदा तसं बघितलं तो परत १/२०० वर जात नाही. उलट ऊन पडलं आणि मऊ गती हवी असली तर उजेड कमी करणारा एनडी८ फिल्टर लागतो.

पावसासाठी महागडं कव्हर घेतलं होतं, आता सरळ जाड प्लास्टिकची पिशवी, लेन्सपुढे भोक आणि रबर. लेन्सहूड मात्र हवाच, नाहीतर अर्धा वेळ काच पुसण्यात जातो.

पण खरा शत्रू पाऊस नाही, दमट हवा. कोकणात चार महिने कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरतेच. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक स्वस्तातला आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. दाण्यांचा रंग बदलला की दाणे बदला. तांदळाच्या डब्यात ठेवणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्या लेन्समध्ये पीठ पण पाहिलंय.

वापरलेली लेन्स घेताना दोन्ही झाकणं काढून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर दुकानदाराला नमस्कार करून चालू पडा.

रापण

समुद्राचं मी सांगतो, रोज त्यावरच पोट आहे.

जेटस्कीवर बसवायचा कॅमेरा आणि किनाऱ्यावरून काढायचा कॅमेरा ही दोन वेगळी कामं. अंगावर लावायला ॲक्शन कॅमेरा. गोप्रो १० मीटरपर्यंत नुसता चालतो, डीजेआयचा ॲक्शन ४ हा १८ पर्यंत. तरंगणारी मूठ लावाच. आमच्या खाडीच्या तोंडाशी तळाला किती कॅमेरे पडलेत याची गणती नाही.

पाण्यातून आल्याबरोबर बॅटरीचं दार उघडू नका. आधी गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, बटणं दाबून दाबून खारं पाणी काढा, पुसा, मग उघडा. मीठ सुकलं की दाराच्या रबरात खडे बसतात आणि पुढच्या वेळी पाणी त्याच वाटेने आत.

किनाऱ्यावरून काढायचं तर सकाळी नऊच्या आत. नंतर वाळू तापते, हवा थरथरते आणि लांबचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलतं. लोक म्हणतात लेन्स खराब. आणि पावसात पाण्यावरचे खेळ बंदच असतात, तेव्हा जून ते ऑगस्ट समुद्राचा विचारही करू नको. लाटा मात्र तेव्हाच असतात, हे आपलं नशीब.

एसी लावलेल्या खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की काचेवर धुकं येतं. बॅगेतच अर्धा तास राहू दे. पर्यटकांना रोज सांगतो, कोण ऐकतं?

हाफशटर

मग जुळवून बघू. सोनी ए६४००, वापरलेला. पालमध्ये १०८०पी १०० फ्रेम, १०० मेगाबिट, मिनिटाला पाऊण जीबी. जुन्या लॅपटॉपला झेपेल. फोकस माणसाला धरून ठेवतो. ४के १२० नाही, २०० फ्रेम नाहीत, बॉडीत स्थिरीकरण नाही. ट्रायपॉड किंवा मोनोपॉड लागेल.

त्यावर सिग्मा ३० एमएम एफ/१.४, भरपूर उजेड आत घेणारी लेन्स. आठ मीटरवरून सुमारे सव्वासहा मीटर रुंदी बसते. कबड्डीचं अर्धं मैदान साडेसहा मीटर, म्हणजे एक पाऊल मागे सरकलात की झालं. समुद्र आणि चिखलाला सोनीची ५५-२१० लेन्स. ८० मीटरवर २१० ला नऊ मीटर रुंदी येते, जेटस्की तिच्या फवाऱ्यासकट मावते. ही लेन्स रात्री निरुपयोगी, दिवसा मस्त.

पैसे जास्त असते तर आरएक्स१० मार्क ४ सुचवला असता. २४ ते ६०० ची लेन्स अंगचीच, २५० फ्रेमही आहेत. पण रात्रीच्या मैदानात त्याचा एक इंची सेन्सर दमतो.

एक खास सूचना. १०० फ्रेम दोन रीतींनी निघतात. 'एस अँड क्यू' (स्लो अँड क्विक) मोडमध्ये कॅमेराच संथ करून देतो, पण आवाज रेकॉर्ड होत नाही. साध्या १००पी मध्ये आवाज राहतो, संथ नंतर घरी करायचं. कबड्डीला दुसरीच रीत वापरा.

पंचकाका

बरोबर. दम ऐकू आला नाही तर ती कबड्डी कसली.

खाडीकाठी

वाखुसा (वाचनखूण साठवली), सगळंच्या सगळं. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे, तोवर काहीतरी करतो.

खाडीकाठी

सात आठवड्यांनी धागा वर काढतोय, माफी असावी.

घाटावरच्या एका दुकानात ए६४०० आणि ३० एमएम बघायला गेलो होतो. बांधावरून ताईंनी सांगितलं तसा टॉर्च मारला. आत जाळं. दुकानदार म्हणाला धूळ आहे, फुंकर मारली की जाते. मी म्हटलं मारा. तो आत निघून गेला.

शेवटी कणकवलीच्या एका लग्नवाल्याने कॅमेरा बदलला, त्याचा घेतला. दोन लेन्स, दोन बॅटऱ्या, बजेटपेक्षा बाराशे रुपये जास्त गेले. डबा, सिलिका जेल, मापक, सगळं आणलं. आमच्या घरात मापक ८४ दाखवत होता, डब्यात ४६.

परवा स्पर्धा झाली. चार खांब, एलईडी. काठी हलवून बघितली, दोन खांब चांगले, दोनांवर सुट्या काठ्या दिसल्या. मंडळाचे लोक विचारत होते, हा काठी का नाचवतोय, कोणाला देव आलाय काय. १०० फ्रेम, १/१००, एफ/१.४. एक सामना जनरेटरवर झाला, तेव्हा वायरमन म्हणाले तसा बारीक श्वास दिसतोय, पण मी दाखवल्याशिवाय कोणाच्या ध्यानात आला नाही. पूर्ण सामना काढत बसलो नाही, एकेक चढाई सुरू होताना बटण. रात्रभरात चार सामन्यांचं सगळं एका कार्डात मावलं. पैसे पूर्ण मिळाले, आणि ज्यांनी डिस्को म्हटलं होतं त्यांनीच पुढची तारीख दिली.

पंचकाका, तुमच्यासाठी खास. उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला एक बोनस दिला गेला. सामना एका गुणाने फिरला. मी योगायोगाने बोनस रेषेच्या टोकाला बसलो होतो. क्लिप व्यक्तिगत निरोपात पाठवलीय. बोनस होता की नव्हता?

पंचकाका

बघितली. नातवाला बसवून एकेक चित्र पुढे घेतलं. पाय पुसट आहे, म्हणून आधी काही ठरेना. मग सावल्या बघितल्या. चार खांब, म्हणून मागच्या टाचेच्या चार सावल्या. पुढचा पाय रेषेपलीकडे टेकतो त्या चित्रात चारही सावल्या टाचेला येऊन मिळाल्यात. पुढच्या चित्रात त्या सुटतात.

म्हणजे टाच मातीत होती. गुण नव्हता.

ही क्लिप मंडळाच्या ग्रुपवर टाकलीस काय?

खाडीकाठी

नाही अजून. संध्याकाळी टाकणार होतो.

पंचकाका

थांब जरा. त्या पंचाला मी ओळखतो, माझ्या हाताखाली शिकलाय. आधी त्याला एकट्याला पाठव. आणि त्याला सांग, सावल्या बघ म्हणावं.